घंटेच्या सव्वीस टेपा

१

ही गोष्ट १९९८ सालची. त्या वर्षी जुनं रेडिओ केंद्र नव्या इमारतीत जायचं होतं. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर सहसा कुणी फिरकत नसे, पण भाची तिथे रोज सकाळी साडेदहाला डबा आणि दोन पेन्सिली घेऊन हजर होई.

भाची म्हणजे केंद्रात पूर्वी टेपा सांभाळणाऱ्या बाईंची भाची. जुने लोक तिला ह्याच नात्यानं ओळखत. घरी तिचं नाव चौकशीखिडकी, कारण बोलायला लागल्यापासून तिचे प्रश्न संपले नव्हते. चाळिशीत शिरल्यावर तिनं त्याच खोडीचा धंदा केला आणि रेडिओच्या इतिहासावर संशोधन करायला घेतलं. केंद्राच्या पहिल्या पंचवीस वर्षांत कोण बोललं आणि त्यातलं किती जपलं गेलं, हे ती शोधत होती.

त्या सोमवारी तिच्या हाती १९७१ सालचं नोंदबुक लागलं, आणि तिला हवं होतं ते पान एकदाचं सापडलं.

'घंटा' हा कार्यक्रम ज्यांनी ऐकला त्यांना तो अजून आठवतो. बुधवारी दुपारी अडीचला पितळी घंटेचा एक टोला पडे आणि एक बाई हळू आवाजात कुणाशी तरी बोलायला लागे. लोक तिला घंटाबाईच म्हणत. कधी सुईण, कधी विहिरी खणणारा, कधी छापखान्यात खिळे जुळवणारा. बोलणं फक्त कामाचं. मध्येच बाई गप्प बसे आणि समोरच्याला आठवू देई. शेवटी पाहुणा स्वतःच्या हातानं घंटा वाजवी. त्या अर्ध्या तासात गल्लीतला नळसुद्धा कुणी जोरात सोडत नसे.

असे सव्वीस भाग, सव्वीस टेपा. नोंदबुकात त्यांच्यापुढे तांबड्या शाईत शेरा होता: 'सापडत नाहीत. पुसल्या गेल्याचे गृहीत. जबाबदारी: टेप लायब्ररी.'

त्या काळी टेपा मिळायच्या थोड्या. ऐकवून झालेला कार्यक्रम पुसायचा आणि त्याच टेपवर दुसरा घ्यायचा, हा रिवाज होता. पुसायचं यंत्र कुलपात असे आणि किल्ली टेप लायब्ररीच्या बाईंच्या कमरेला, म्हणजे भाचीच्या मावशीच्या.

भाचीनं 'गृहीत' ह्या शब्दाखाली पेन्सिलीची हलकी रेघ ओढली. पुसताना कुणी पाहिलं, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"तुमचं लवकर आटपा हं," सध्याच्या लायब्ररीबाई दारातून म्हणाल्या. "शनिवारी मोडीत घालायच्या टेपा न्यायला गाडी येतेय. उरलं सुरलं सगळं त्यात जाणार."

२

मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. शेंगा सोलत बसली होती. भाचीनं चप्पल काढता काढताच विचारलं,

"मावशी, 'घंटा'च्या टेपा तू पुसल्यास का गं?"

मावशीचे हात थांबले. "सत्तावीस वर्षांत सरळ विचारणारी तू पहिली. बाकीच्यांनी विचारलंच नाही, परस्पर ठरवून टाकलं."

"मग सांग ना."

"नाही पुसल्या. मी रजेवर गेले तेव्हा कपाटात सव्वीसच्या सव्वीस होत्या. पाच आठवड्यांनी आले तर कपाट रिकामं. मधे वरच्या मजल्यावरचा पाण्याचा पाइप फुटला होता. खोके भिजले, लेबलं गेली, सगळी लायब्ररी नव्यानं लावली होती. साहेबांनी झडती घेतली आणि सव्वीस टेपा माझ्या नावावर टाकून मोकळे झाले. म्हणे, रजेवर जायच्या आधीच बाईंनी पुसल्या. मी राजीनामा दिला."

"एवढी मोठी रजा कशाला घेतली होतीस?"

मावशीनं एक शेंग उगाच दोनदा सोलली. "तुझ्या आईचं ऑपरेशन नव्हतं का."

भाची तेव्हा तेरा वर्षांची होती. पाच आठवडे मावशीनं तिच्या घट्ट वेण्या घातल्याचं तिला आठवत होतं. त्या वेण्यांची किंमत तिला आज कळली.

खिडकीत एक पितळी घंटा होती. लोलकाला निळा दोरा गुंडाळलेला, वाजू नये म्हणून.

"हीच का ती?"

"हीच. माझ्या वडिलांच्या शाळेतली. कार्यक्रमासाठी मीच घंटाबाईला दिली होती. टेपा गेल्या तसं बाईसाहेबांनी शिपायाच्या हाती परत पाठवली, वर्तमानपत्रात गुंडाळून. वीस वर्षांची मैत्रीण. चार गल्ल्या चालून यायला झालं नाही तिला."

"तू गेली असतीस."

"मी का जाऊ? मी पुसल्या होत्या का?" मावशी पुन्हा शेंगांकडे वळली. "मला तिची माफीबिफी नको. माझ्या डोळ्यांदेखत तिला खरं कळावं, एवढंच. डॉक्टर म्हणतो, माझं हृदय आपल्या जुन्या मशीनसारखं झालंय. मधेच थांबतं, थाप मारली की चालतं. किती दिवस थाप मारणार?"

३

घंटाबाईंच्या दारावर पाटी नव्हती, पण गल्लीत कुणालाही विचारलं तरी घर दाखवलं असतं. आवाज अजून तसाच, जवळ बोलावणारा.

"तू तिची भाची ना? नाक तेच आहे. बस."

"काकू, टेपा मावशीनंच पुसल्या, असं तुम्हाला का वाटतं?"

"वाटत नाही, ठाऊक आहे. शेवटच्या भागाच्या दिवशी मी चहाचा कप तिच्या टेपेच्या खोक्यावर ठेवला. तेवढ्यावरून ती सगळ्यांसमोर म्हणाली, 'कप उचल, नाहीतर तुझा कार्यक्रम पुसून टाकीन.' ह्या कानांनी ऐकलंय मी."

भाचीची पेन्सिल थबकली. हे मावशी बोलली नव्हती.

"थट्टेनं म्हणाली असेल."

"तुझ्या मावशीला टेपांच्या बाबतीत थट्टा कळायची नाही. आणि मी कशाला हसू? माझी दोन वर्षांची मेहनत होती ती. त्या सुईणीला बोलतं करायला मी तिच्या ओसरीवर तीन दुपारी नुसती बसून राहिले होते, ठाऊक आहे?" त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "ती सुईण गेली. विहीरवाला गेला. त्यांच्या पोराबाळांकडे त्यांचा आवाज नाही. मी माझ्यासाठी रागावले नव्हते, बाळ."

भाचीनं वही मिटली. उठता उठता सवयीनं आणखी एक प्रश्न विचारला. "शेवटची घंटा पाहुणाच वाजवायचा ना, दर वेळी?"

"दर वेळी. गवंड्यानं अशी हाणली होती की ब्लेडमामा काचेपलीकडे कान धरून बसले."

घरी येऊन भाचीनं मावशीला विचारलं, "तू तसं म्हणाली होतीस?"

मावशी म्हणाली, "म्हणाले होते."

४

ब्लेडमामा म्हणजे केंद्रातले ध्वनिमुद्रक. नको असलेला खोकला किंवा खाकरणं दाढीच्या ब्लेडनं टेपेतून अलगद कापून काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आता ते मुलीकडे राहत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची बंद पडलेली घड्याळं उघडून बसत.

"तुझी मावशी पुसेल?" ते म्हणाले. "अगं, टेपेला हात लावायच्या आधी ती हात धुवायची. आम्ही डॉक्टरीण म्हणायचो तिला."

"मग गेल्या कुठे?"

"मला काय ठाऊक. पाइप फुटायच्या पंधरा दिवस आधी माझी बदली गावाबाहेरच्या प्रक्षेपण केंद्रावर झाली. मनोऱ्याखाली मी आणि दोन बकऱ्या. पण त्या सव्वीस मी जिवापाड ठेवल्या होत्या, शेपूट बाहेर काढून."

"म्हणजे कशा?"

मामांना विचारणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं. "टेप गुंडाळून ठेवली की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. मग होतं काय, शब्द यायच्या आधीच त्याचं भूत ऐकू येतं. बातम्यांत, बाजारभावात कोण ऐकतंय भूत? पण घंटाबाईंचं बोलणं हळू, आणि मधे त्या शांतता. त्या शांततेत भूत लख्ख ऐकू यायचं. म्हणून त्यांच्या टेपा ऐकवून झाल्या की मी परत गुंडाळायचो नाही. शेवट बाहेर, सुरुवात आत. मग भूत शब्दाच्या मागून येतं आणि त्याच्याच आवाजात लपतं. सुरुवातीला पांढरी पट्टी जोडायची, शेवटाला तांबडी."

"हे सगळ्यांना ठाऊक होतं?"

"मला आणि तुझ्या मावशीला. खोक्यावर लिहिलेलं असायचंच की." मामांनी एक बारीक स्क्रू चिमट्यात धरला. "खोके भिजल्यावर लायब्ररी नव्यानं लावली ती दफ्तरवाल्यानं, आम्ही टाचणी म्हणायचो त्याला. त्याला विचार. तो कधीही, काहीही टाकून देत नाही."

५

टाचणीकाका दफ्तरखात्यातून केंद्रात बदलून आले होते. कागद दिसला की टाचणी लावायची त्यांची खोड, म्हणून हे नाव. शुक्रवारी दुपारी भाची त्यांच्याकडे पोचली तेव्हा त्यांनी मांजराच्या लसीकरणाचे कागदही टाचून ठेवलेले होते.

"माझ्यावर संशय आहे का?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"काका, मी फक्त माहिती गोळा करतेय."

"चौकशीत असंच म्हणतात." पण यादी दाखवायला मिळणार म्हणून ते मनातून खूष झाले. "मला टेपांमधलं काही कळत नव्हतं. सगळे म्हणाले, दफ्तरवाला काय दिवे लावणार. मी कुणाला एक शब्द विचारला नाही. चार आठवडे यंत्रापाशी बसलो आणि प्रत्येक भिजक्या टेपेची पहिली पाच मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं स्वतः ऐकली. ऐकून झाली की होती तशीच गुंडाळून, नव्या खोक्यात घालून नवं लेबल. गाणं असेल तर गाण्यांत, नाटक असेल तर नाटकांत."

"आणि 'घंटा'?"

"आपल्या भाषेत घंटाबाईंचा एक शब्दसुद्धा मला कुठे सापडला नाही. शपथेवर सांगतो."

त्यांनी कार्बन कॉपी पुढे केली. सत्तावीस वर्षांनीही टाचण्या गंजलेल्या नव्हत्या. बदलत असावेत. भाचीनं पानं चाळली. गाणी, नाटकं, शेतीच्या सूचना, आणि शेवटी परदेशी केंद्रांकडून देवाणघेवाणीत आलेल्या टेपा.

"ह्यांचं काय?"

"त्या परकीय. कळेना ती परकीय, दुसरं काय करणार? शिवाय त्यांची खूण वेगळी होती. प्रत्येकीच्या तोंडाशी तांबडी पट्टी."

त्या यादीतल्या दोन नोंदी भाचीनं वहीत उतरवून घेतल्या, का ते तिलाही धड सांगता आलं नसतं.

'क्र. ३४. परकीय भाषा. स्त्री व पुरुष. आरंभी घंटा: आवाज लांबून येतो, वाढत वाढत मोठा होतो व तटकन तुटतो. शेवटीही तसेच.'

'क्र. ५७. परकीय भाषा. आरंभी दोन बायका पुष्कळ हसतात. नंतर घंटा, वरीलप्रमाणे.'

"ह्या टेपा आता कुठे असतील?"

"परदेशी फडताळात. पण उद्या जी गाडी येतेय ना, तिच्यात सगळ्यात आधी तेच फडताळ जाणार. कोण मागतंय परकीय भाषा?"

६

संध्याकाळी भाची मावशीकडे खिडकीपाशी बसून त्या नोंदी परत परत वाचत होती. लांबून येते, मोठी होते, तटकन तुटते. ही कुठल्या देशातली घंटा?

"मावशी, ही वाजवू का गं?"

"सत्तावीस वर्षं वाजली नाही ती." पण मावशीनं मान हलवली.

भाचीनं निळा दोरा सोडला आणि एक टोला दिला. खणखणीत आवाज उठला आणि मग लांबत, बारीक होत, खोलीच्या कोपऱ्यांत विरत गेला. दोघी तो पार संपेपर्यंत ऐकत राहिल्या.

भाचीनं दुसरा टोला दिला. मग तिसरा.

"अगं, शेजारी येतील," मावशी म्हणाली.

"मावशी, घंटा आधी मोठी वाजते आणि मग विरते. जगात कुठेही वाजवली तरी तसंच ना?"

"मग काय. घंटेला काय भाषा असते?"

भाचीनं वही उघडली. परदेशी यादीत टाचणीकाकांनी भर घातली होती ती बत्तिसाव्या क्रमांकापासून, आणि शेवटचा क्रमांक सत्तावन्न. तिनं बोटांवर मोजलं, मग पेन्सिलीनं मोजलं.

सव्वीस.

"मावशी, उद्या सकाळी नऊला तयार राहा. औषधं बरोबर घे. रिक्षा घेऊन येते."

"कुठे जायचंय?"

"केंद्रात. आणि वाटेत चार गल्ल्यांवरून आणखी एका बाईंना घ्यायचंय."

"मी तिच्या शेजारी बसणार नाही," मावशी म्हणाली.

७

बसावं लागलं. रिक्षात जागाच तेवढी होती. दोघी दोन बाजूंना बघत आल्या.

केंद्राच्या मागच्या व्हरांड्यात हमाल परदेशी फडताळ रिकामं करत होते. अर्धी खोकी गाडीत चढली होती. सध्याच्या लायब्ररीबाई यादीवर खुणा करत होत्या. ब्लेडमामा आणि टाचणीकाका भाचीच्या निरोपावरून आधीच येऊन एकमेकांशी न बोलता उभे होते.

"दहा मिनिटं थांबा," भाची हमालांना म्हणाली आणि सत्तावन्न क्रमांकाचं खोकं उचलून मामांच्या हातात दिलं. "मामा, उघडा."

मामांनी झाकण काढलं. टेपेच्या बाहेरच्या टोकाला तांबडी पट्टी होती. ती त्यांनी अंगठ्यानं चाचपली. जोड तिरका कापलेला होता.

"ही माझी," ते म्हणाले. "हा काप माझा आहे."

"शक्य नाही," टाचणीकाका म्हणाले. "मी स्वतः ऐकलीय. परकीय आहे."

"काका, तुम्ही खरंच ऐकलीत, आणि जे ऐकलंत ते इमानेइतबारे लिहिलंत. म्हणून तर आज टेपा सापडल्या." भाची सगळ्यांकडे वळली. "कुणी काही पुसलं नाही. मामांनी ह्या सव्वीस टेपा शेवट बाहेर ठेवून गुंडाळल्या होत्या. ते ज्या खोक्यांवर लिहिलं होतं ती भिजली आणि गेली. हे जाणणारी माणसं दोनच. त्यातलं एक मनोऱ्याखाली, एक माझ्या आईच्या उशाशी. काकांनी टेप होती तशी यंत्रावर चढवली आणि ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाजली. उलटं बोलणं ऐकून कुणालाही वाटेल, कुठलीतरी परकी भाषा आहे. भाषा उलटी झाली हे कळत नाही, पण घंटा उलटी झाली की लपत नाही. विरायच्या ऐवजी ती वाढते आणि तुटते. काकांनी ते लिहून ठेवलं, फक्त तसं का होतं ते कुणाला विचारलं नाही."

"विचारलं असतं तर हसले असते मला," टाचणीकाका हळूच म्हणाले.

"हसले असतेच," मामा म्हणाले. "पण सांगितलंही असतं, गाढवा."

आतल्या यंत्रावर मामांनी टेप उलट गुंडाळून घेतली, पांढरी पट्टी बाहेर आली, तशी लावली. कळ दाबली.

घंटेचा एक टोला. तो विरला. मग तरुण घंटाबाई म्हणाल्या, "आज आपल्याकडे विणकर आजोबा आले आहेत. आजोबा, पहिला धागा कुणी धरायला शिकवला?" आणि मग शांतता, स्वच्छ, भुताशिवाय. घंटाबाईंनी टेबलाची कड धरली.

"शेवट लावा, मामा," भाची म्हणाली. "घंटेनंतर तुम्ही टेप चालूच ठेवायचात ना?"

"अर्धा मिनिट. सवय होती."

आजोबांनी घंटा वाजवली. खुर्ची सरकली. मग कपाचा आवाज, आणि मावशीचा, एक्कावन्न वर्षांच्या मावशीचा:

"कप उचल. नाहीतर तुझा कार्यक्रम पुसून टाकीन."

आणि लगेच घंटाबाई, हसत: "पूस की. पुढचा त्याच्याहून चांगला करीन."

"करशील, भवाने. आधी कप उचल."

मग दोघी हसायला लागल्या. एक थांबली की दुसरी सुरू होई. तांबडी पट्टी येईपर्यंत त्या हसतच होत्या.

टेपेचं टोक फटफट आपटत फिरत राहिलं. ते बंद करायचं मामांच्या लक्षात आलं नाही.

"मी हसले होते," घंटाबाई म्हणाल्या. "हे मी विसरलेच. तुझं वाक्य सत्तावीस वर्षं पाठ होतं मला, आणि माझं हसणं गेलं पुसून."

मावशीनं पदरानं चष्मा पुसला. "बस आता. उभी राहून दमशील. चहा घेणार का? इथला अजून तसाच पांचट असेल."

हमालांनी गाडीतली खोकी परत उतरवली.

८

त्या सव्वीस भागांच्या नव्या प्रती निघाल्या. सुईणीच्या नातीला आजीचा आवाज मिळाला. ती म्हणाली, आई अशीच थांबून थांबून बोलते. विहीरवाल्याचा मुलगा मात्र शेवटपर्यंत सापडला नाही. त्याची प्रत केंद्रात वाट बघत आहे.

केंद्रानं मावशीला पत्र पाठवलं, दोन ओळींचं, शिक्क्यासह. तिनं ते टाचणीकाकांना दिलं, तुमच्या टाचणीखाली बरं राहील म्हणून. टाचणीकाकांनी सगळ्या टेपा पुन्हा ऐकून नवी यादी केली आणि जुनी तिच्यामागे जोडून ठेवली. दर शंकेला ते ब्लेडमामांकडे जात. आधी मामा हसत, मग सांगत. मामा गेले तेव्हा त्यांचं ब्लेड काकांकडे आलं. ते त्यांनी अर्थातच टाचून ठेवलं आहे.

भाचीचं पुस्तक झालं. त्यात ह्या प्रकरणाला दीड पान आहे आणि 'गृहीत' ह्या शब्दावर एक तळटीप. प्रश्न विचारणं तिनं सोडलेलं नाही.

मावशी त्यानंतर चार वर्षं जगली. घंटाबाई रोज दुपारी अडीचला चार गल्ल्या चालत यायच्या आणि दोघी चहा घेत भांडायच्या. मावशी गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. कुणीतरी घंटाबाईंच्या हातात चहा दिला, आणि त्यांनी तो नकळत शेजारच्या स्टुलावर ठेवला. तिथे त्या सत्तावन्न क्रमांकाच्या टेपेची प्रत होती.

घंटाबाईंनी मान वर करून मावशीच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि कप उचलला.